‘ग्रेस’: सात गाणी आपली, तीन उसनी

कलाकार : जेफ बकली
प्रकाशन : ऑगस्ट १९९४, कोलंबिया रेकॉर्ड्स
निर्माता : अँडी वॉलेस
ध्वनिमुद्रण : बेअर्सव्हिल स्टुडिओ, वुडस्टॉक (न्यूयॉर्क राज्य)

सात गाणी बकलीची. त्यातली ‘ग्रेस’ आणि ‘मोजो पिन’ गिटारवादक गॅरी लुकससोबत रचलेली. उरलेली तीन इतरांची, आणि निवड थक्क करणारी. ‘लायलॅक वाइन’ हे जेम्स शेल्टनचं १९५० सालचं गीत बकलीने नीना सिमोनच्या आवाजात ऐकून उचललं. ‘कॉर्पस ख्रिस्ती कॅरल’चे शब्द मध्ययुगीन, चाल बेंजामिन ब्रिटनची. रॉक अल्बममध्ये ते गाणं उंच, तरल स्वरात गायला खरंच छाती लागते.

तिसरं ‘हॅलेलुया’. लिओनार्ड कोहेनचं हे गाणं १९८४चं, पण बकलीने आधार घेतला तो जॉन केलच्या १९९१च्या आवृत्तीचा. सुरुवातीला त्याने सोडलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. मग जवळजवळ सात मिनिटं एक इलेक्ट्रिक गिटार आणि गळा, बाकी काही नाही. पुढे हे गाणं शेकडोंनी गायलं. बहुतेकांच्या कानात बकलीच होता.

आपल्याकडच्या श्रोत्यांनी त्याच्या लांबलचक ताना जरूर ऐकाव्यात. तो नुसरत फतेह अली खान यांचा निस्सीम भक्त होता आणि न्यूयॉर्कच्या ‘शिने’ कॅफेत त्यांची कव्वालीही गायचा.

मे १९९७मध्ये मेम्फिसच्या वुल्फ नदीत बुडून तो गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. हयातीत पूर्ण झालेला त्याचा स्टुडिओ अल्बम हा एकच.