घरच्या राऊटरवर व्हीपीएन टाकलं तर नेमकं काय बदलतं?

युट्यूबवर एखादा टेक व्हिडिओ लावा. मध्येच निवेदक थांबतो आणि सांगतो, हॅकर्सपासून वाचायचं असेल तर हे व्हीपीएन घ्या, खालच्या लिंकवर सूट आहे. त्याचा पुढचा सल्लाही ठरलेला असतो. प्रत्येक मोबाईलवर ॲप कशाला टाकत बसता, थेट राऊटरवर टाका, अख्खं घर सुरक्षित!

अख्खं घर खरंच सुरक्षित होतं का? काही बाबतीत होतं. पण कोणत्या, हे समजून न घेता नवा राऊटर आणि वर्षभराचं सबस्क्रिप्शन घ्यायला जाऊ नका.

तुम्ही मोबाईलवर इन्स्टाग्राम उघडलं की ती विनंती आधी राऊटरकडे जाते, तिथून तुमच्या इंटरनेट कंपनीकडे आणि मग इन्स्टाग्रामच्या सर्व्हरकडे. आता जवळपास सगळ्या साइट आणि ॲप एचटीटीपीएस वापरतात. त्यामुळे पासवर्ड किंवा मेसेज मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाहीत, व्हीपीएन असो वा नसो. पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, किती वाजता गेलात आणि किती डेटा वापरला, एवढं इंटरनेट कंपनीला कळू शकतं. व्हीपीएन झाकतं ते हे. राऊटर घरातला सगळा डेटा कुलूपबंद करून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो आणि कुलूप तिथे उघडतं. इंटरनेट कंपनीला एवढंच दिसतं, की या घरातून कुठल्यातरी एका सर्व्हरशी संपर्क चालू आहे.

आता गंमत बघा. कुलूप उघडतं तिथे, म्हणजे व्हीपीएन कंपनीकडे, आता तुमच्या सगळ्या घराची तीच माहिती दिसते. आजीने टीव्हीवर काय लावलं इथपासून मुलांच्या गेमपर्यंत. म्हणजे इंटरनेट कंपनीवरचा विश्वास उचलून तुम्ही तो व्हीपीएन कंपनीवर ठेवला.

तो कुणावर ठेवू नये याचं उदाहरण सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचं 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे मोफत व्हीपीएन ॲप तुमची माहिती सुरक्षित ठेवतो असं सांगायचं. प्रत्यक्षात लोक फोनवर कोणती ॲप किती वापरतात हे त्यातून फेसबुकला कळत होतं. ॲपलने २०१८ मध्ये ते आपल्या स्टोअरमधून काढायला लावलं, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने याच प्रकरणात फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तेव्हा मोफत व्हीपीएन राऊटरवर तर मुळीच नको.

अजून एक गैरसमज. व्हीपीएन लावलं की फेसबुक-इन्स्टाग्रामला तुम्ही कोण ते कळत नाही, असं अनेकांना वाटतं. अहो, तुम्ही स्वतःच्या नंबरने लॉगिन करून बसलाय! आयपी ॲड्रेस बदलला तरी अकाउंट तुमचंच आहे. तुम्ही काय लाईक करता, कुणाला मेसेज करता, हे सगळं तसंच नोंदलं जातं. शिवाय घराबाहेर पडून मोबाईल डेटा चालू केलात की राऊटरवरच्या व्हीपीएनचा काही संबंधच उरत नाही.

मग राऊटरवर टाकायचं कशाला?

एक ठोस कारण आहे. स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरे, गेमिंग कन्सोल अशा बऱ्याच उपकरणांवर व्हीपीएन ॲप टाकताच येत नाही. राऊटरवर असेल तर ती आपोआप त्यात येतात.

पण याच सोयीचा त्रासही होतो. परदेशातला सर्व्हर निवडलात तर घरातला प्रत्येक माणूस जगाला त्या देशात दिसतो. बँकेच्या साइटला संशय येतो, ओटीटीवाले व्हीपीएन ओळखून अडवतात, आणि आपल्याकडच्या कित्येक सरकारी साइट भारताबाहेरून उघडत नाहीत. बाबा वीजबिल भरायला बसले की तुम्हाला हाक येणार हे नक्की.

भारतातला सर्व्हर निवडू म्हणाल, तर तिथेही एक गोष्ट घडून गेली आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, संपर्क, दिलेले आयपी ॲड्रेस ही माहिती किमान ५ वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. काही कंपन्यांच्या यादीत 'इंडिया' अजून दिसतं, पण ते यंत्र सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये असू शकतं, पत्ता तेवढा भारतातला. डेटा तिकडे जाऊन परत येणार, म्हणजे वेग थोडा कमी होणारच.

वेगाचं मुख्य दुखणं मात्र राऊटरच्या आतच असतं. सगळ्या घराचा डेटा कुलूपबंद करायला प्रोसेसर लागतो, आणि स्वस्त राऊटरचा प्रोसेसर अगदीच मामुली असतो. २००१ पासून चालत आलेली ओपनव्हीपीएन ही पद्धत अशा राऊटरवर टाकली तर १०० एमबीपीएसचं कनेक्शन १०-२० वर येणं नवल नाही. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालेली वायरगार्ड ही पद्धत बरीच हलकी आहे. राऊटर वायरगार्ड चालवत असेल तर डोळे मिटून तीच निवडा. मेनूमध्ये पीपीटीपी दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ती नव्वदच्या दशकातली पद्धत आहे आणि तिचं कुलूप कधीच तुटलंय.

खरेदी करताना खोक्यावरचे शब्द नीट वाचा, कारण इथे हमखास फसगत होते. 'व्हीपीएन पासथ्रू' म्हणजे राऊटर स्वतः व्हीपीएन चालवत नाही, तुमच्या लॅपटॉपवरचं व्हीपीएन फक्त जाऊ देतो. तुम्हाला हवं ते 'व्हीपीएन क्लायंट'. इंटरनेट कंपनीने बसवून दिलेल्या राऊटरमध्ये ही सोय सहसा नसते आणि त्याचं सॉफ्टवेअर बदलूही देत नाहीत. त्याच्या मागे केबलने स्वतःचा दुसरा राऊटर जोडावा लागतो. असूसच्या आणि टीपी-लिंकच्या काही मॉडेलमध्ये ही सोय तयार मिळते. नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण आधी आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते बघा, नाहीतर राऊटरची वीट होईल.

बाकी काम फार नाही. व्हीपीएन कंपनीच्या साइटवरून सेटिंगची फाईल उतरवायची, ब्राउझरमध्ये राऊटरचं पान उघडायचं (बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१) आणि व्हीपीएन क्लायंटमध्ये ती फाईल चढवायची. त्यानंतर दोन गोष्टी तपासा. व्हीपीएन तुटल्यावर इंटरनेट बंद पडतं की गुपचूप उघड्यावर चालू राहतं? त्यासाठी 'किल स्विच' चालू हवा. दुसरी गोष्ट आयपीव्ही६. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या तो देतात, आणि व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ झाकत असेल तर निम्मा डेटा बाहेरूनच जातो. अशा वेळी राऊटरवर आयपीव्ही६ बंद ठेवा. आणि शक्य असेल तर व्हीपीएन फक्त टीव्हीला लावा, आईबाबांचे फोन त्यातून वगळा. चांगल्या राऊटरमध्ये उपकरणं निवडता येतात.

उलटा उपयोग

माझ्या मते बहुतेक घरांना याहून कामाची गोष्ट म्हणजे 'व्हीपीएन सर्व्हर'. यात राऊटर कुठल्या कंपनीकडे जात नाही, तुम्हीच बाहेरून घरी येता. हॉटेलच्या वायफायवरून तुमचा फोन नाशिकच्या घरच्या राऊटरला जोडला जातो आणि तिथून पुढे इंटरनेटवर. घरचा कॅमेरा बघता येतो. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला इथली सरकारी साइट घरच्या पत्त्यावरून उघडता येते. सबस्क्रिप्शन लागत नाही आणि तिसऱ्या कुणावर विश्वासही ठेवावा लागत नाही. दुसऱ्या देशात हे वापरण्याआधी तिथला कायदा तेवढा बघा. संयुक्त अरब अमिरातीत गुन्ह्यासाठी आयपी ॲड्रेस लपवला तर दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो.

अडचण येते ती सीजीनॅटची. आयपी ॲड्रेस अपुरे असल्याने इंटरनेट कंपन्या एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतात, आणि मग बाहेरून तुमच्या घराचा दरवाजा सापडत नाही. तपासायला सोपं आहे. राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग कंपनीकडे जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मागा, किंवा वायरगार्डवरच चालणारं टेलस्केल घरच्या एखाद्या कायम चालू असलेल्या कॉम्प्युटरवर टाका. वैयक्तिक वापरासाठी ते मोफत आहे आणि सीजीनॅटमधूनही वाट काढतं.