निकाहचं डेकोरेशन, मोबाईलवरची जाहिरात आणि घरच्यांची परवानगी

मागच्या वर्षी आमच्या भाचीची मेहंदी होती. जनान्यात झेंडूचा झुला, पितळी दिवे, मागे हिरवा पडदा. डेकोरेशन खरोखर देखणं झालं होतं. रात्री साडेअकराला कार्यक्रम आटोपला आणि आम्ही घरी पोहोचेपर्यंत डेकोरेटरने रील टाकूनही दिली होती. रीलमध्ये झुला होता, दिवे होते, आणि झुल्यावर बसलेली भाची व तिच्या मैत्रिणीही होत्या, चेहऱ्यांसकट. सकाळी ती खानदानाच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होती. फोन केल्यावर त्याने रील काढली, माफीही मागितली. पण तोवर ती कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये उतरली असेल, कोण सांगणार? काम चांगलं असूनही आमच्या आपाने नंतर ज्या घरात शादी निघाली तिथे एकच सांगितलं, "त्याला बोलावू नका."

हे आठवलं ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. सोलापुरात त्याच्या वडिलांचा मंडप-खुर्च्यांचा धंदा. आता मुलाला स्टेज, लाईट, बावर्ची, फोटोग्राफर सगळं एका हाताखाली घेऊन इव्हेंट प्लॅनिंग करायचं आहे. तो म्हणाला, "मॅडम, इन्स्टावर पेज काढलंय, फॉलोअरही वाढतायत, पण ऑर्डर येत नाही." आम्ही पेज उघडलं. निम्मे फोटो इंटरनेटवरून उचललेले, महालासारखे स्टेज. खाली सगळं इंग्रजी.

दुसऱ्याच्या कामाचा फोटो लावला की गिऱ्हाईक तोच फोटो घेऊन दारात येतं. "हेच पाहिजे" म्हणतं. तेवढ्या पैशात ते होत नाही, मग शादीच्या दिवशी भांडण. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे, पण इतक्या लांब जायची गरजच पडत नाही. मोहल्ल्यात नाव खराब व्हायला एक वलीमा पुरतो. आपल्या हाताचे दहाच फोटो असले तरी तेच लावावेत.

इंग्रजीचंही तसंच. आमच्या घरांत शादीचा डेकोरेटर ठरवतं कोण? मुलगी इन्स्टाग्रामवर बघते, पसंत करते. पण पैशाचा शब्द अम्मी, खाला, मोठे चाचा यांचा. ही मंडळी इन्स्टाग्रामवर फारशी नसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र फज्रपासून हजर. म्हणून इन्स्टाग्रामवर काम दाखवायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवहार ठरवायचा, असं आम्ही त्याला सांगितलं. मजकूर घरात बोलतो तसा, मराठीत किंवा आपल्या दखनीत.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप आहे, फुकट मिळतं. त्यात कॅटलॉग करता येतो: साधा स्टेज, फुलांचा स्टेज, मेहंदीचा झुला, प्रत्येकाचा फोटो आणि 'इतक्यापासून पुढे' असा दर. दर लपवू नये. कॅटलॉगची लिंक खाला फॅमिली ग्रुपवर टाकते आणि तिथेच अर्धं काम होतं. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोहोचतो. म्हणजे पावती देताना "नंबर सेव्ह करून ठेवा भाभी" म्हणणं हीसुद्धा जाहिरातच. कुठून तरी नंबरांच्या याद्या विकत घेऊन मेसेज मारले तर लोक रिपोर्ट करतात आणि आपलाच नंबर बंद पडू शकतो.

रीलसाठी मोठा कॅमेरा लागत नाही. मोबाईल उभा धरायचा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तयार स्टेज, मग रिकामा हॉल, बांबू, पडदे, माणसं राबताना, आणि शेवटी परत उजळलेला स्टेज. वीस-तीस सेकंद पुष्कळ झाले. हॉलचं आणि शहराचं लोकेशन टाकावं. बिझनेस खात्याला फिल्मी गाणी सगळी मिळत नाहीत, तेव्हा हातोडीचा, दोरी ओढण्याचा आवाज तसाच ठेवावा किंवा स्वतः दोन वाक्यं बोलावीत. गूगल मॅपवर दुकानाची नोंदही फुकट होते, ती करून टाकावी. पैसे देऊन पोस्ट बूस्ट करायची घाई आम्हाला पटत नाही. आधी स्वतःच्या कामाचे फोटो साठू द्यावेत.

वेळेचं गणितही वेगळं आहे. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं. सध्या शव्वाल मार्च-एप्रिलकडे आलाय, म्हणजे ज्या घरात दहावी-बारावीची परीक्षा आहे ते तारीख एप्रिल-मेमध्ये ढकलतात. चौकशी मात्र रमजानच्या आधीच, रजब-शाबानमध्ये सुरू होते. पेज तेव्हा जागं पाहिजे. मोहरममध्ये अनेक घरं निकाह ठेवत नाहीत. ते दिवस फोटो लावून कॅटलॉग नीट करायचे.

आता परवानगी. या धंद्यात फोटो हाच माल असतो, पण तो दुसऱ्याच्या घरातला असतो. बुकिंगच्या कागदावर एक ओळ छापून घ्यावी: फोटो अजिबात नको; फक्त सजावटीचा चालेल; आमच्या माणसांसह चालेल, पण आधी दाखवून. खूण करून सही. मुलीलाही विचारावं, नुसतं अब्बांना नको. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भरही संमतीवरच आहे, आणि दिलेली संमती माणूस मागेही घेऊ शकतो. "काढा" म्हटलं की वाद न घालता काढायचं.

स्टेज तयार होऊन पहिला पाहुणा येईपर्यंत अर्धा तास मिळतो. लाईट लागलेले, फुलं ताजी, माणूस एकही नाही. खरं शूटिंग तेव्हाच उरकावं. जनान्यात नंतर काही टिपायचं असेल तर टीममधल्या बाईनेच. स्टेजवर दुल्हा-दुल्हनची नावं असतात, ती कापावीत. शादीची पत्रिका कधीच दाखवू नये, तिच्यावर घरचा पत्ता आणि फोन नंबर असतात. आणि कार्यक्रम चालू असताना काही टाकू नये. सगळं घर हॉलमध्ये आहे हे गावाला कशाला कळवायचं?

आमच्या विद्यार्थ्याला भीती होती की चेहऱ्याशिवाय रील कोण बघणार. त्याने तसा कागद छापला, तेव्हा पहिल्याच घरातल्या दादींनी तो नातीकडून वाचून घेतला, 'फक्त सजावट'वर खूण करायला लावली आणि विचारलं, "बेटा, पुढच्या महिन्यात आमच्या नणंदेकडे पण आहे, तारीख मोकळी आहे का?" आता त्याने एक वही केली आहे. चौकशी आली की नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न: आमच्याबद्दल कुठून कळलं?