खेळातले घर कोणाच्या नावावर?

बुद्ध पौर्णिमेला श्रीवर्धनला बहिणीकडे गेलो होतो. विहारात वंदना झाली, खीरदान झाले, पाहुण्यांची जेवणे उरकली, पण भाचा काही पंगतीत दिसेना. पाहतो तर मागच्या पडवीत मोबाईल उलटा ठेवून एकटाच बसलेला. बहीण म्हणाली, "दादा, चार दिवस झाले, धड जेवत नाही. कुणी गेल्यासारखं तोंड करून बसलाय. त्या गेममधलं काहीतरी कंपनीनं काढून टाकलं म्हणे."

खरे सांगतो, मला आधी हसू आले. आपल्या घरांत रडायला कारणे कमी आहेत का, की आता मोबाईलमधल्या खेळासाठी रडायचे? पण पोरगा उनाड नाही. दहावीला चांगल्या गुणांनी पास झालेला आहे, सुट्टीत बागायतीत सुपारी सोलायला जातो. म्हणून त्याच्याजवळ बसलो आणि विचारले.

त्याने सांगितलेली हकीकत अशी. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. शाळा बंद, मुंबईची गाडी बंद. त्याचा चुलतभाऊ विक्रोळीला दहा बाय बाराच्या खोलीत अडकलेला. दोघे रोज संध्याकाळी एका गेममध्ये भेटत. त्या गेममध्ये समुद्राकाठचे एक गाव होते. तिथल्या एका पडक्या घराच्या छपरावर ही दोघे बसत आणि गप्पा मारत. खेळणे कमी, बोलणेच जास्त. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्याची काय दशा झाली ते वाचकांना आठवत असेल. माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले, कित्येक दिवस वीज नाही की फोन लागत नाही. भाचा म्हणाला, "मामा, रेंज आली तेव्हा मी पहिल्यांदा तिथेच गेलो. आमच्या वाडीतलं सगळं पडलं होतं, पण ते गाव जसंच्या तसं होतं."

तेच गाव यंदाच्या अपडेटमध्ये कंपनीने काढून टाकले. त्याच्याबरोबर जुन्या स्पर्धांत मिळवलेल्या काही वस्तूही गेल्या. त्यातल्या एकीसाठी पोराने सुपारीच्या मजुरीतले तीनशे रुपये भरले होते. तक्रार लिहिली तर छापील उत्तर आले, की अधिक चांगल्या अनुभवासाठी बदल करण्यात आला आहे. गेमचे आणि कंपनीचे नाव इथे देत नाही. कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही, हा धंदाच तसा चालतो.

आमच्या पिढीला हे समजायला जरा जड जाते. आपण कॅरमबोर्ड विकत आणला तर तो आपला. सोंगट्या हरवल्या तर आपण हरवल्या, दुकानदार रात्री येऊन चौकोन पुसून जात नाही. या खेळांचे तसे नाही. खेळाचा थोडा भाग मोबाईलमध्ये उतरतो, पण कोण कुठे आहे, कोणाकडे काय आहे, कोणता मुलूख उघडा आहे, हा सगळा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. मोबाईल म्हणजे नुसती खिडकी. पलीकडचे घर कंपनीचे. अपडेट आले की खिडकीतून दिसणारा देखावाच बदलतो. जुना देखावा पाहायचा म्हणाल तर अपडेट घेतल्याशिवाय दारातच अडवतात.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. अमेरिकेतील बंजी या कंपनीचा डेस्टिनी २ नावाचा गेम २०१७ मध्ये आला. तो काँप्युटरवर आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळतात. आरंभी तो पैसे देऊन घ्यावा लागत असे, पुढे त्याची जोडपुस्तके यावीत तसे नवे भाग निघाले, त्यांचेही पैसे घेतले गेले. १० नोव्हेंबर २०२० रोजी कंपनीने त्यातली मंगळ, बुध आणि आणखी काही ठिकाणे आणि ज्या मूळ कथेसाठी लोकांनी सुरुवातीला पैसे मोजले होते ती कथाच काढून ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी एक विकलेला भाग गेला. कारण असे दिले, की गेमचा आकार फार फुगला आहे, दर नव्या बदलाबरोबर जुने सगळे पुन्हा तपासावे लागते आणि त्यात चुका निघतात. हे कारण खोटे नाही. ज्याच्या घरात ३२ जीबीचा एकच फोन आहे आणि त्यात पोराचा गेम, आईचे फोटो आणि बापाच्या कामाचे निरोप बसवायचे आहेत, त्याला जागेची अडचण वेगळी सांगायला नको. पण ज्याने पैसे दिले त्याला ते परत मिळाले नाहीत. "काढून ठेवले" या शब्दावर खेळाडू चिडले ते त्यामुळे.

त्याच गेमचे पुढे झाले ते मात्र ऐकण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका लेखकाने अमेरिकेतल्या न्यायालयात दावा लावला, की डेस्टिनी २ ची ती मूळ कथा माझ्या लिखाणावरून उचलली. कंपनी म्हणाली, उचललेली नाही. आता हे दाखवायचे तर मूळ कथा न्यायाधीशांपुढे ठेवायला हवी. ती तर कंपनीने स्वतःच बंद केलेली! चालू स्थितीत दाखवता येईना. तेव्हा कंपनीने खेळाडूंनी यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ आणि चाहत्यांनी लिहून ठेवलेली माहिती पुढे केली. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ती तिऱ्हाइतांची सामग्री त्या टप्प्यावर विचारात घ्यायचे नाकारले आणि दावा सुरुवातीलाच काढून टाकण्याची कंपनीची विनंती फेटाळली. दावा खरा की खोटा हा भाग निराळा. पण मालकालाच आपल्या मालाच्या पुराव्यासाठी रिकामटेकडे म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पोरांच्या दारात जावे लागले, याची मला गंमत वाटली.

दुसरे उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचे. अँग्री बर्ड्स! गलोलीने पाखरे उडवून डुकरांचे इमले पाडायचे. २००९ अखेरीस निघालेला हा फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा खेळ. साध्या फोनवर चाले, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे खेळत. २०१९ मध्ये कंपनीने जुने अँग्री बर्ड्स गेम दुकानातून काढले. लोकांनी ते परत मागण्याची मोहीम चालवली, तेव्हा ३१ मार्च २०२२ रोजी पहिला खेळ नव्याने बांधून परत आणला. एकदाच थोडे पैसे भरा, मग जाहिरात नाही की पुन्हा पुन्हा खरेदी नाही. आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अँड्रॉइडच्या दुकानातून तो पुन्हा काढला. कंपनीने सांगितलेले कारण असे, की या खेळाचा आमच्या इतर खेळांवर परिणाम होतो. साध्या मराठीत सांगायचे तर एकदाच पैसे घेणारा जुना माल, रोज पैसे काढणाऱ्या नव्या मालाच्या आड येत होता. इथे जागेची अडचण नव्हती की चुकांची नव्हती.

आपल्याकडे तर पोरांनी आख्खा गेमच जाताना पाहिला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. ३० ऑक्टोबरला त्याचे भारतातले सर्व्हर बंद झाले. ती बंदी सरकारची, कारण सुरक्षेचे; तिची तुलना कंपनीच्या काटछाटीशी करणार नाही. पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. २ जुलै २०२१ ला क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने बीजीएमआय हा भारतासाठीचा गेम काढला, तेव्हा जुन्या खात्यातला माल नव्या खात्यात आणायची सोय काही काळ ठेवली. म्हणजे मनात आणले तर जुने सांभाळून नव्यात नेता येते. तो गेमही जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. या धरसोडीत पोरांनी कितीदा मन घट्ट केले असेल ते त्यांनाच ठाऊक.

भाच्याला मी विचारले, "तू पैसे भरलेस तेव्हा ती वस्तू तुझ्या नावावर झाली असं कुठं लिहिलं होतं?" त्याला माहीत नव्हते. मग त्यानेच त्या लांबलचक अटी उघडल्या. इंग्रजीत होत्या, मामा-भाच्याने मिळून शब्द लावले. अर्थ असा निघाला: तुम्हाला वापरण्याची परवानगी आहे, मालकी नाही, आम्ही कधीही काहीही बदलू, काढू, बंद करू.

वाचताना मला आमच्या आजोबांची आठवण झाली. आपल्या या कुलाबा जिल्ह्यात आणि रत्नागिरीत खोती होती. जमीन कुळाने कसायची, बांध कुळाने घालायचा, खाजण कुळाने पिकाखाली आणायचे. आणि खोताच्या मनात आले की उठवायचे. नाव खोताचे, घाम कुळाचा. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला तो याच जुलमाविरुद्ध. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ मध्ये.

कुणी म्हणेल, कुठे खोती आणि कुठे पोरांचा खेळ! बरोबर आहे. तिथे पोटाचा प्रश्न होता, गेम गेल्याने कोणाची चूल विझत नाही. तुलना तेवढी ताणू नये. पण अटींचा मजकूर वाचाल तर बनावट ओळखीची वाटेल. राबणारा एक, लेखी हक्क दुसऱ्याचा. आपल्या लोकांना हे तरी शिकवायला नको. सातबाऱ्यावर नाव नसले की काय होते, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

आणि याविरुद्धही माणसे उभी राहत आहेतच. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा द क्रू नावाचा मोटारींच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये निघाला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे देऊन घेतलेला गेम, एकट्याने खेळायचा म्हटले तरी, चालेनासा झाला. त्यातून गेम मारून टाकू नका अशी चळवळ सुरू झाली. कंपनीने सर्व्हर बंद करावा, पण जाताना गेम चालेल अशा स्थितीत ठेवावा, एवढेच तिचे मागणे. जुलै २०२५ मध्ये युरोपात या मागणीवर दहा लाखांवर सह्या झाल्या. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की नुसती परवानगी विकत असाल तर तसे स्पष्ट न सांगता "विकत घ्या" असे लिहिता येणार नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाईन गेमचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. पैसे भरून मिळवलेली वस्तू गेली तर ग्राहक म्हणून १९१५ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. तीनशे रुपये परत मिळतीलच असे मी म्हणत नाही, पण तक्रार कागदावर येते. पैसे भरल्याची पावती, कंपनीचा ई-मेल, स्क्रीनचा फोटो एवढे जपून ठेवलेले असावे.

आईबापांनाही एक सांगतो. मीही बहिणीसारखाच आधी हसलो होतो. "फेकून दे तो मोबाईल" म्हणणे सोपे आहे, आणि अभ्यास बुडवून खेळणाऱ्याला तसे म्हणावेही लागते. पण मूल खेळून दुःखी झाले आहे की खेळ हिरावला म्हणून, हे आधी विचारावे. भाच्याचा भाऊ आता मुंबईत मोटारसायकलवरून पार्सले पोहोचवतो. त्याला वेळ असतो तो रविवारी रात्री अर्धा तास, आणि तो अर्धा तास दोघे त्या छपरावर काढत. पोराला राग तीनशे रुपयांचा नव्हता.

संध्याकाळी मी विक्रोळीला फोन लावायला सांगितला. त्या भावानेही अपडेट घेतले होते, तोही चिडलेला. बोलता बोलता त्याला आठवले, काच फुटलेला जुना फोन कपाटात पडून आहे, त्यात एकदा खेळताना स्क्रीन रेकॉर्ड केली होती. रात्री साडेनऊला तो फोन चार्जिंगला लागला, दहाच्या सुमारास व्हिडिओ आला. दोन मिनिटे आणि काही सेकंद. आवाज फाटका, मागे कुकरची शिट्टी. समुद्रकाठ, पडके घर, छपरावर दोन माणसे आणि दोन लहान पोरांचे बोलणे, गाडी कधी सुरू होणार म्हणून.

बहीण हात पुसत आली, चष्मा लावून मोबाईलवर वाकली. "ह्यातला तू कुठला रे?"

"तो, लाल टोपीवाला. पाय खाली सोडून बसलाय तो."