घाट चढताना अंगातले त्राण अचानक का जाते?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोर घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. लासूर स्टेशनहून वेरूळला सायकलने जाऊन पुढे खुलताबादचा घाट चढणाऱ्याला राजेपद मिळत नाही, पण शरीराची परीक्षा तीच असते.

जुन्या शर्यती तर फारच कठोर होत्या. १९१० साली टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातला एक टप्पा ३२६ किलोमीटरचा होता, तोही कच्च्या रस्त्यांवर. विजेत्या ऑक्टाव लापीझला सुमारे १४ तास लागले. काही चढ तो सायकल ढकलत चालला. गिअर बदलणाऱ्या यंत्राला त्या शर्यतीत १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती.

चढावर स्नायू मुख्यतः साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरतात. जोरात सायकल चालवली तर हा साठा साधारण दीड-दोन तासांत संपत येतो. मग पाय जड होतात, हात थरथरतात, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून भूक लागायची वाट पाहू नका. लांबच्या फेरीत दर तासाला एक-दोन केळी किंवा चिक्की खा. उपाशीपोटी घाट चढण्यात कसलाही पराक्रम नाही.

तुम्हाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर जास्त जपा. साखर घरी आल्यावर, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

व्यायामात पाणी पिऊ नये, हा जुना समज चुकीचा आहे. पण तासन्‌तास नुसते पाणी ढोसल्यानेही रक्तातले सोडियम घटते. लांब फेरीत ओआरएस जवळ ठेवा. चढावर वेग कमी, त्यामुळे अंगाला वारा कमी लागतो आणि घाम नीट वाळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत घाट सकाळीच उरका.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला, तर अंगाला घाम असला तरी उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

चढावर छातीत दाब वाटून थांबल्यावर बरे वाटते, त्याला 'गॅस' म्हणू नका. पुन्हा सायकलवर बसण्याआधी तपासणी करून घ्या. फेरीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडाला इजा होत असू शकते. अशा वेळी दुखणे थांबवायची गोळी अजिबात घेऊ नका.