जुन्या जीपचा गिअरबॉक्स घरीं उघडतांना

देवळाली कॅम्प ही तोफखान्याची छावणी असल्यानें भगूर-लहवितकडील शेतकऱ्यांस जीप गाडी नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें लष्करासाठीं बनविलेली ही विलिस जीप १९४७ पासून महिंद्र कंपनीनें आपल्याकडे आणिली, व पुढें ती शिवाररस्त्यांवरही रुळली. तिचा गिअरबॉक्स कुरकुरूं लागला म्हणजे मालक गांगरतो. वस्तुतः तो घरीं दुरुस्त करतां येतो. परंतु दोष कोठें आहे हें ठरविल्यावांचून पेटी उघडूं नये. अन्यथा खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

एक भेद प्रथम सांगितला पाहिजे. जीपच्याच घराण्यांतील वॅगोनीअर या अमेरिकी गाडीस १९६३ सालीं तेलाच्या दाबानें आपोआप बदलणारे गिअर मिळूं लागले. त्या पेटींतील तेलाचे मार्ग फार अरुंद असतात व धुळीचा कणही तेथें घातक ठरतो; ती गोठ्यांत उघडूं नये. आपली जुनी जीप हातानें गिअर बदलण्याची आहे. तिला पुढचे तीन व मागचा एक गिअर असतो. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला वेग जुळविणारीं पितळी कडीं असतात; पहिल्यास नसतात, म्हणून तो गाडी थांबवूनच घालावा.

आतां परीक्षा. इंजिन चालूं व दांडी न्यूट्रलमध्यें असतां घरघर येते, आणि क्लच दाबतांच ती थांबते, तर पेटींतील बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर दोष बहुधा क्लचच्या बेअरिंगांत असतो. दुसरा गिअर घालतांना दांते करकरत असतील, तर क्लच पूर्ण सुटतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. गिअर आपोआप सुटत असेल, तर प्रथम पेटीचे बोल्ट आवळून पाहावे. नंतर तेल काढून पाहावें. त्यांत पितळेची चमक दिसली तर कडीं झिजलीं. लोखंडाचे तुकडे निघाले तर दांता तुटला असें समजावें.

पेटी उतरवितांना गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखालीं कधींही शिरूं नये. भक्कम लांकडी ठोकळे द्यावे. पेटी जड असते, म्हणून सोबतीस माणूस घ्यावा. ती बाहेरून रॉकेलनें धुवून मगच उघडावी. गिअर बदलणाऱ्या सळया ओढतांना वर फडकें धरावें, कारण आंतील गोळ्या व स्प्रिंगा उडून हरवतात. निघालेले भाग काढल्या क्रमानें कापडावर मांडावे.

पितळी कडें गिअरच्या निमुळत्या भागावर दाबून फिरवावें. तें पकडत नसेल, किंवा दांत्यांस टेकत असेल, तर बदलावें. बेअरिंग धुवून हातानें फिरवावें. खरखर लागल्यास नवें घालावें. सील व गॅसकेट मात्र नवींच घालावीं. दांते शाबूत असलेले गिअर बदलण्याचें कारण नाहीं.

जोडतांना सुटे रोलर ग्रीसनें चिकटवून बसवावे, आणि पेटी चढविण्यापूर्वीं प्रत्येक गिअर हातानें फिरवून पाहावा. तेल ९० नंबरचें, पितळेस न खाणारें जी. एल. ४ प्रतीचें घ्यावें. कांहीं दिवस गाडी चालविल्यावर तेलाची पातळी पुन्हां पाहावी. ती घटली असल्यास गळती कोठें आहे तें तत्काळ शोधावें. हें काम द्राक्षांच्या तोडणींत न काढतां पावसाळ्याच्या सवडींत काढावें, म्हणजे घाईनें होणारी चूक टळेल.