आमोण्यातला कारखाना आणि संचालक मंडळातली स्त्री

संचालक मंडळावर स्त्री असणे आणि समाजासाठी केलेल्या खर्चाचा हिशेब देणे, ही दोन्ही बंधने भारतीय कंपन्यांवर २०१३ च्या कंपनी कायद्याने घातली. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला निदान एक स्त्री संचालक नेमावी लागते. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि त्यात आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे लागते.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील आमोण्यात या परिसराचा अर्थ लगेच कळतो. मांडवीकाठच्या या गावात सेसा गोवाचा बीड बनवणारा कारखाना आहे. १९५४ साली सुरू झालेली ही कंपनी २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून वेदान्त समूहाकडे गेली. आमोण्याविषयीचे मोठे निर्णय आता वेदान्ताच्या मंडळात होतात.

नेमायची स्त्री कोण असावी, हे कायद्याने सांगितले नव्हते; अनेक कंपन्यांनी ती जागा मालकांच्या घरातल्याच स्त्रीला दिली. म्हणून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने स्वतंत्र स्त्री संचालकाची अट घातली: बाजारमूल्यानुसार २०१९ पासून पहिल्या ५०० कंपन्यांना, २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांना. वेदान्ताच्या मंडळावर संस्थापकांच्या कन्या प्रिया अग्रवाल हेब्बर आल्या, तशाच आयसीआयसीआय बँकेच्या माजी सहव्यवस्थापकीय संचालक ललिता गुप्ते यांनीही तिथे स्वतंत्र संचालक म्हणून काम केले.

मंडळावर स्त्रिया जास्त असल्या की कंपनी सामाजिक कामाविषयी अधिक माहिती देते, असे अनेक अभ्यासांत दिसते. मात्र माहिती देणे म्हणजे काम होणे नव्हे. शिवाय एकट्या स्त्रीचे म्हणणे सहज बाजूला पडते. तिघी असल्या की बैठकीचा सूर बदलतो, असे या विषयातले संशोधक सांगतात.

नफ्यातले २ टक्के कुठे गेले, यापेक्षा तो नफा कसा मिळवला, हा प्रश्न गावाच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. त्याची उत्तरे सेबीच्या ‘बीआरएसआर’ या व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीच्या अहवालात शोधावी लागतात. २०२२-२३ पासून तो पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा आहे. पाणी किती वापरले, हवेत काय सोडले, स्त्रियांना वेतन किती, मंडळावर त्या किती टक्के, हे सारे त्यात द्यावे लागते. पण आकडे अख्ख्या कंपनीचे असतात. ओडिशातल्या ॲल्युमिनियमपासून राजस्थानातल्या खनिज तेलापर्यंत पसरलेल्या व्यापात एकटे आमोणे वेगळे दिसत नाही. गावाची बाजू मांडली जायची असेल, तर ती मंडळाच्या सामाजिक जबाबदारी (सीएसआर) समितीत. तिथे सर्वसाधारणपणे तीन संचालक हवेत आणि त्यांतला एक स्वतंत्र हवा, असे कायदा म्हणतो. त्यांत स्त्री हवी, असे म्हणत नाही.