कोंबडी कण्हत नाही, पण तिलाही दुखते



माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका वाडीवर गेलो असता एका मावशींनी आपली कोंबडी दाखवली. "साहेब, दोन दिस झालं, अशीच बसून हाय. दाण्याला बी उठंना." मी लांबूनच म्हणालो, "खुडूक झाली असेल, मावशी." आठ दिवसांनी गेलो तो कोंबडी मेलेली. तिच्या तळपायात काटा मोडून पू झाला होता. पाय उलटून पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

बैलाला दुखले तर तो कण्हतो. कोंबडी दुखणे लपवते. रानात दुबळा दिसलेला पक्षी मुंगसाच्या तोंडी जातो; तो स्वभाव खुराड्यातही सुटत नाही. पण दुखते हे नक्की. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी लंगड्या व धडधाकट ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले. एकात वेदनाशामक औषध होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य जास्त खाल्ले. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला.

मग ओळखावे कसे? सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे उभे राहा. सर्वांत शेवटी कोण येते? पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून कोण बसते? एक पाय कोण उचलून धरते? मातीत लोळणे कोणी सोडले? अशी कोंबडी हळूच उचला. तळपाय, सांधे, पंख व छातीचे हाड बोटांनी चाचपा.

तळपायाला सूज किंवा काळी खपली असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने पाय धुवा, आयोडीन लावा, स्वच्छ पट्टी बांधा. कोंबडी वेगळी ठेवा. दाणापाणी तोंडाशी द्या. पू घरी कापून काढू नका, ते काम पशुवैद्यकाचे. एकदम अनेक कोंबड्या लंगडू लागल्या तर राणीखेत किंवा मरेक्स रोगाची शंका घ्या व त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपली डोकेदुखीची गोळी कोंबडीला कधीही देऊ नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झाले. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारा.

दुखणे होऊच नये यासाठी तूस कोरडे ठेवा व रोज हलवा. बसायची दांडी गुळगुळीत, फार उंच नसलेली असावी. अंड्यावरच्या कोंबडीची हाडे ठिसूळ होतात, म्हणून शिंपल्याचा चुरा द्या. बाजाराला नेताना पाय बांधून उलटी लटकवू नका.

आणि बरी होण्याची आशाच नसेल, तर तिला तडफडत ठेवू नका. डॉक्टरांना विचारून लवकर सोडवा.

मावशींनी ओळखले होते. मी ऐकले नाही. तुमच्या घरात कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई काही सांगू लागली, तर तुम्ही तरी ऐका.